गुंडीची फिर्याद

माझ्या आत्याला बसलेली थप्पड लिहून घ्यायला पोलीस ठाण्याला तीन दिवस लागले. शिपायाच्या शर्टाची तुटलेली गुंडी लिहून घ्यायला अर्धा तासही लागला नाही.

हे मी घड्याळ बघून सांगतोय. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर साइडर आहे. तुटलेला धागा जोडायचा, पुढं सरकायचं, परत तुटलेला जोडायचा. आठ तासांची पाळी घड्याळावर जाते. त्यामुळं कुठंही बसलो तरी नजर आधी घड्याळ शोधते. त्या रात्री ठाण्याच्या भिंतीवरचं घड्याळ बरोबर माझ्या समोर होतं.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीच्या तोंडावरची. ठाण्याचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही. नाव लिहिलं की तेवढं एक ठाणं वाईट ठरतं आणि बाकीची सुटतात. शिवाय केस अजून चालू आहे.

आत्या आमच्याच गिरणीत ठेकेदाराकडं कामाला. मशिनीखालचा कापसाचा कचरा गोळा करायचा, पोत्यात भरायचा. ठेकेदाराच्या मुकादमानं तिचा बोनस कापला. पाळी सुटायच्या वेळी आत्यानं गेटवर त्याला विचारलं, "माझं पैसं का कापलंस?" त्यानं जातीवरून शिवी दिली आणि कानाखाली वाजवली. एक पाळी सुटत होती, दुसरी आत चालली होती. पंचवीस माणसं तर नक्की होती. म्हणजे पन्नास डोळे. बोलायला तयार झाले तिघं.

आम्ही ठाण्यात गेलो. आत्या, तिचा धाकटा पोरगा, मी आणि वस्तीतली चारपाच पोरं. आत्याच्या पोराला घरात बारक्या म्हणतात. इथंही तेच म्हणतो. वय एकवीस. रोज पहाटे मैदानावर पळायला जाणारा. सोळाशे मीटर आणि गोळाफेक. कशासाठी ते पुढं सांगतो.

सहा दहाला आम्ही आत गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, साहेब येऊ द्या. साहेब साडेसातला आले. म्हणाले, "बाई, गिरणीतलं भांडण गिरणीत मिटवा. एनसी घेतो." एनसी म्हणजे अदखलपात्र. म्हणजे एक चिठ्ठी खिशात घालून घरी जायचं. मी म्हणालो, "साहेब, जातीवरून शिवी दिलीय, मारलंय. ॲट्रॉसिटी लागते."

"तू वकील काय?"

"नाही साहेब. गिरणीत आहे."

"मग गिरणीतच राहा."

नऊ वाजले. आत्याचा गाल सुजला होता. ती उठली, टेबलावर हात ठेवून म्हणाली, "सायेब, लिवून घ्या. त्याबिगर मी घरला जायची न्हाई." साहेबांनी शिपायाला हाक मारली, "हिला बाहेर बसव रे." शिपायानं आत्याचा खांदा धरून तिला दाराकडं ढकललं. आत्या उंबऱ्याला अडखळून गुडघ्यावर पडली. आणि बारक्यानं शिपायाची कॉलर धरली.

एवढंच. धरली, एक हिसका दिला, सोडली. गुंडी तुटली, फरशीवर पडली आणि घरंगळत टेबलाखाली गेली. नऊ वीस.

तो शिपाई माझ्याच वयाचा असेल. त्यानं आत्याला शिवी दिली नव्हती, तक्रारही नाकारली नव्हती. नाकारणारा टेबलामागं खुर्चीत बसला होता. तिथंपर्यंत आपला हात पोचत नाही. हात पोचतो तो दारातल्या माणसापर्यंत. मुंबईपासून मराठवाड्यापर्यंत हे असंच होत आलंय.

नऊ पंचेचाळीसला फिर्याद कागदावर उतरली होती. भारतीय न्याय संहिता, कलम १३२, १२१ चं पोटकलम १, ३५२, आणि ३ चं पोटकलम ५. आरोपी बारक्या "व इतर पाच ते सहा इसम". त्या इतरांत मी. ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी त्या रिकाम्या जागेत माझं नाव भरता येतं.

फिर्यादी म्हणून आत गेलेलो आम्ही आरोपी म्हणून बाहेर आलो. बारक्या तर बाहेरही आला नाही.

दोस्तहो, दुसऱ्या दिवशी वस्तीत मीटिंग झाली. मोर्चा ठरला. पत्रक लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी कविता करतो. मी लिहिलं, "खोटी केस मागे घ्या". आणि पेन थांबलं. अख्खी केस खोटी कुठं होती? कॉलर धरली होती. मी चार फुटांवर उभा होतो. फिर्यादीत खोटं होतं ते असं की गळा दाबला, जमावानं घेरलं, जिवे मारायची धमकी दिली. आणि खरं असून फिर्यादीत नव्हतं ते असं की आत्याचा खांदा धरला, ती उंबऱ्यात पडली, तीन तास बसवून ठेवली. खोटं आणि गाळलेलं, या दोन्हींच्या मधे एक खरी गुंडी होती. आमची सगळी खरी तक्रार त्या गुंडीखाली गेली.

आता माझ्यावर येतो.

त्याच वर्षी १४ एप्रिलला वस्तीच्या स्टेजवर मी एक कविता म्हटली होती. तिच्यात खाकीच्या कॉलरला हात घालायची भाषा होती. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. बारक्या सगळ्यात पुढं बसला होता. त्याला ती पाठ झाली होती. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन येताना म्हणायचा. मी खूश व्हायचो. कवीला आणखी काय पाहिजे?

त्या रात्री लॉकअपच्या गजांतून तो मला म्हणाला, "दादा, तुझी कविता केली बघ." तो हसत होता. मला हसू आलं नाही. मी घरी जाऊन जेवलो, अंथरुणावर झोपलो. माझ्या शब्दाला रात्र घरी मिळाली, त्याच्या हाताला फरशी मिळाली.

वकील करायला पैसे नव्हते. मग कळलं की विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईला, कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या समितीकडं अर्ज केला. एक वकीलबाई मिळाल्या. त्यांच्यासमोर मी एकदम विचारलं, "मॅडम, माझ्या कवितेमुळं त्यानं केलं. मलाही आत घालतील का?"

त्या म्हणाल्या, "आधी कायदा वाचा. मग घाबरा." आणि पुस्तक समोर ठेवलं. मी बारावी नापास. पण मशीनचं मॅन्युअल वाचून मशीन शिकलो तसं हेही वाचलं. जे वाचलं ते इथं सांगतो, कारण आपल्यातल्या निम्म्या पोरांना नंबर पाठ आहेत, त्यांचा अर्थ माहीत नाही.

आपण ज्याला "तीनशे त्रेपन्न" म्हणतो, "सरकारी कामात अडथळा" म्हणतो, तो जुन्या भारतीय दंड संहितेतला नंबर. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं १३२ लागतं. आणि पहिली गोष्ट अशी की ते अडथळ्याचं कलम नाहीच. अडथळ्याचं कलम वेगळं आहे. जुनं १८६, नवं २२१. त्याला शिक्षा तीन महिन्यांपर्यंत, दंड अडीच हजारांपर्यंत. आणि त्याची दखल कोर्ट घेतं ती त्या सरकारी नोकरानं किंवा त्याच्या वरिष्ठानं कोर्टात लेखी तक्रार केली तरच. १३२ ला लागतो हमला किंवा फौजदारीपात्र बळाचा वापर. म्हणजे हात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, आणि कलम अजामीनपात्र. रस्त्यात उभं राहून वाद घातला, तेवढ्यावर हे कलम बसत नाही. पण ठाण्यात लावलं जातं तेच, कारण पोलिसाला त्यात लगेच पकडता येतं.

आपल्या महाराष्ट्रात तर २०१८ मध्ये दुरुस्ती करून ३५३ ची शिक्षा पाच वर्षं केली होती आणि खटला सत्र न्यायालयात नेला होता. नवा कायदा आल्यावर ती परत दोन वर्षांवर आली. पण जून २०२४ पर्यंतच्या घटनांना जुनंच लागू आहे. ज्यांच्या केसेस तेव्हाच्या आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

हातानं नुसतं ढकललं आणि दुखापत झाली, यात फरक आहे. कर्तव्यावरच्या सरकारी नोकराला दुखापत केली तर १२१ चं पहिलं पोटकलम, पाच वर्षांपर्यंत. मोडतोड झाली, म्हणजे जबर दुखापत, तर दुसरं पोटकलम. कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त दहा. बारक्याच्या केसमधे शिपायाच्या मानेवरचा एक ओरखडा सरकारी दवाखान्यातनं कागदावर आला आणि दोनाची पाच वर्षं झाली. नखाएवढा ओरखडा. तीन वर्षं वाढली.

आणि नुसती शिवी दिली तर? चिथावणीसाठी केलेला अपमान, कलम ३५२, जुनं ५०४. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, पण अदखलपात्र आणि जामीनपात्र. पोलिसाचा अनादर असा वेगळा गुन्हा पुस्तकात मला सापडला नाही. तोंड वर करून बोललास, बसून बोललास, नंबर विचारलास, याला कलम नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंगळुरूच्या एका नवराबायकोची केस रद्द केली. माणिक तनेजा विरुद्ध कर्नाटक राज्य. त्यांनी ट्रॅफिक पोलिसांच्या फेसबुक पानावर अधिकाऱ्याच्या वागण्याबद्दल लिहिलं होतं आणि त्यांच्यावर ३५३ लावलं होतं. कोर्ट म्हणालं, हात नाही, बळ नाही, म्हणजे ३५३ नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की पोलीस ठाणं हे सरकारी गुपितांच्या कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही. तिथं मोबाइलवर शूटिंग केलं म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही.

मग वकीलबाईंनी १३० वर बोट ठेवलं. हमला म्हणजे काय ते तिथं सांगितलंय. मारायलाच पाहिजे असं नाही. समोरच्याला आता हा मारणार असं वाटेल असा हातवारा केला तरी हमला. मूठ उगारली तरी हमला. खाली स्पष्टीकरण आहे. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे. पण माणूस जे शब्द बोलतो त्या शब्दांमुळं त्याच्या हातवाऱ्याला हमल्याचा अर्थ येऊ शकतो.

हे मी तीनदा वाचलं. कवितेवर मी बरंच काही वाचलंय, पण शब्द आणि हात यांच्यातला हिशोब एवढा रोखठोक कुणी मांडला नव्हता. शब्द एकटा सुटतो. हात एकटा असेल तर काय करत होता ते तपासावं लागतं. शब्द आणि हात एकत्र आले की माणूस सापडला. स्टेजवर मी एकटा शब्द होतो. ठाण्यात बारक्या दोन्ही होता, आणि त्याच्या तोंडी निम्मे शब्द माझे होते.

"मॅडम, म्हणजे मी सुटलो?"

"कायद्यानं सुटलात," त्या म्हणाल्या आणि पुढची फाइल उघडली.

बारक्याला दुसऱ्या दिवशी दुपारी मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" बारक्या म्हणाला, "नाही." रात्री त्याला पट्ट्यानं मारलं होतं. पायाचे तळवे सुजले होते, चप्पल जात नव्हती. मारणारे दोघं त्याच्या मागं उभे होते. म्हणून तो म्हणाला, नाही. तो "नाही" कागदावर गेला. आता केसमधे मारहाणीचा मुद्दा काढला की समोरून तोच कागद येतो.

पोरांनो, तो प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. कोर्ट रोज विचारतं, सवयीनं विचारतं. पण त्या क्षणी तुम्ही पोलिसांच्या ताब्यात असून पोलिसांच्या वरच्या माणसासमोर असता. तेव्हाच सांगा. मोठ्यानं सांगा. मेडिकल मागा. अटक झालेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी हा नागरिक सुरक्षा संहितेचा नियम आहे, कलम ५३. अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, घरच्याला कळवणं, हे डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बांधून दिलं आणि पुढं कायद्यात आलं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको, आधी नोटीस द्या, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात आहे आणि नव्या कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. बारक्याच्या कलमांना पाच वर्षांच्या वर शिक्षा नव्हती. नोटीस दिली नाही. वकीलबाईंनी तेच धरून जामीन मागितला. सहाव्या दिवशी मिळाला. पंधरा हजारांचा जातमुचलका, तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, दर सोमवारी ठाण्यात हजेरी. जामीनदार राहिला आमच्या खात्याचा जॉबर. स्वतःची पगारपावती लावली. तो आपल्या जातीचा नाही. हेही लिहून ठेवतो.

अटकेची कारणं सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्या, हे संविधानाचं कलम २२. आपण जयंतीला संविधानाच्या ग्रंथाची मिरवणूक काढतो, पण हे कलम कसं आलं ते मला माहीत नव्हतं. १५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी ते संविधान सभेत मांडलं. तेव्हा त्याचा नंबर १५-अ होता. आधीच्या कलमात माणसाच्या स्वातंत्र्याचं रक्षण पुरेसं झालं नाही अशी बाहेर टीका होती. निघून गेलेलं थोडं तरी परत यावं म्हणून त्यांनी हे आणलं. म्हणजे बारक्या कोर्टात उभा होता तेव्हा त्याच्या बाजूनं पहिलं बोललेलं माणूस ७५ वर्षांपूर्वी बोलून गेलं होतं. आम्हीच ऐकलेलं नव्हतं.

आत्याच्या तक्रारीचं काय? तिसऱ्या दिवशी वकीलबाईंनी अर्ज लिहून दिला. ठाण्यानं दखलपात्र गुन्हा नोंदवायला नकार दिला तर लेखी अर्ज जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाकडं पाठवता येतो, कलम १७३ चं पोटकलम ४. तिथंही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं. आम्ही स्वतः गेलो, अर्ज दिला, पोच घेतली. शिक्का मारलेली पोच बघितल्यावर चक्रं फिरली. संध्याकाळी गुन्हा दाखल झाला. ॲट्रॉसिटीत गुन्हा नोंदवायच्या आधी प्राथमिक चौकशी लागत नाही, हे २०१८ पासून कायद्यातच आहे, १८-अ. तपास डीवायएसपी दर्जाचा अधिकारी करतो. आणि जाणूनबुजून कर्तव्य टाळणाऱ्या सरकारी नोकरावर, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर, कलम ४ आहे. सहा महिने ते एक वर्ष. म्हणजे टेबलामागच्या खुर्चीपर्यंत पोचायला एक रस्ता आहे. तो हातानं जात नाही, पोच घेतलेल्या कागदानं जातो. हळू जातो. पण जातो.

मात्र क्रम उलटा लागला होता. गुंडीची फिर्याद आधीची, गालाची तीन दिवसांनंतरची. मुकादमाचा वकील आता म्हणतो, पोरावर केस झाली म्हणून दबावासाठी आईनं ॲट्रॉसिटी केली. आम्ही सहा दहालाच ठाण्यात होतो, हे सिद्ध करायचं काम आमच्यावर आलं. एक हिसका दिला नसता तर हे काम आलं नसतं. मला जे सांगायचंय ते हेच. पोलिसावर हात टाकला की शिक्षा पुढं कधीतरी होईल किंवा होणारही नाही. पण फिर्यादीचा क्रम त्याच मिनिटाला बदलतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि अन्याय करणारा साक्षीदार.

मीटिंगमधे मी हे बोललो तेव्हा एक कार्यकर्ता चिडला. "म्हणजे मार खायचा? आईला ढकललं तरी गप्प बसायचं? तू कधीपासून पोलिसांचा झालास?" त्याचा राग मला कळतो. मी उत्तर शोधलं. स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे, पण कलम ३७ म्हणतं की सरकारी नोकर आपल्या पदाच्या नावाखाली आणि सद्भावनेनं काही करत असेल तर त्याच्याविरुद्ध तो हक्क नाही, मग त्याचं कृत्य कायद्याला काटेकोर धरून नसलं तरी. मरणाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तरच आहे. खांद्याला धरून ढकलण्यात तो मिळणं कठीण. कायदा इथं समान नाही. समान आहे असं मी म्हणत नाही.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आपली दहा माणसं मेली. त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली ती २००९ मध्ये. पुढं त्याला हायकोर्टात जामीन झाला. दहा माणसांना बारा वर्षं, एका गुंडीला पंचवीस मिनिटं. आमच्या प्रकरणानंतर दोनच महिन्यांत, १५ डिसेंबर २०२४ ला, परभणीच्या बंदनंतर पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला. कायद्याचा विद्यार्थी होता. पोलिसांवर गुन्हा नोंदवा असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जुलै २०२५ मध्ये द्यावा लागला. तराजू असा आहे हे माहीत असून आपण आपल्या हातानं त्यांच्या पारड्यात वजन टाकायचं का, एवढंच मी त्या कार्यकर्त्याला विचारलं. तो गप्प बसला. पटला नाही. पण बसला.

त्या दिवशी काय करायला पाहिजे होतं ते मी हजारदा मनात केलंय. आत जाण्याआधी अर्ज लिहून दोन प्रती न्यायच्या. एकीवर पोच मागायची. नाही दिली तर बाहेर येऊन तीच प्रत त्याच तासाला पोस्टानं अधीक्षकाकडं पाठवायची. पावतीवर वेळ पडते. सगळ्यात गरम डोक्याचं पोरगं बाहेर चहाच्या टपरीवर बसवायचं. आत्याला ढकलल्यावर मी मधे उभं राहून मोठ्यानं शिपायाचा बिल्ला नंबर वाचायला पाहिजे होता. शब्द माझ्याकडं होते. त्या वेळी मी एकही वापरला नाही. स्टेजवर वापरले, ठाण्यात गप्प उभा राहिलो. म्हणून बारक्याला हात वापरावा लागला. हे मला कुठल्याच कोर्टानं विचारलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आता सोळाशे मीटरचं सांगतो. बारक्या पोलीस भरतीची तयारी करत होता. दोन वर्षं. पहाटे मैदानावर पळायचा, दुपारी गणिताची पुस्तकं. ज्या वर्दीची कॉलर त्यानं धरली तीच वर्दी त्याला अंगावर घालायची होती. भरतीत चारित्र्य पडताळणी असते. गुन्हा दाखल आहे का, तो रकाना असतो. लपवावं तर लपवणं हेच नोकरी जायला पुरेसं कारण. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अवतार सिंग खटल्यात हे नीट सांगितलंय. खरं लिहावं तर पडताळणीत अडकणार. निर्दोष सुटला तरी नेमणूक करणारे बघणार कशानं सुटला. केसचा निकाल लागेपर्यंत वयाची अट गाठायची शर्यत वेगळीच. तो अजून पळायला जातो. कशाला, विचारलं तर म्हणतो, सवय झालीय.

सोमवारी हजेरीला मी त्याच्याबरोबर जायचो. एका सोमवारी टेबलावर तोच शिपाई होता. शर्टाला नवी गुंडी, दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेली. रजिस्टर पुढं सरकवत तो हळू आवाजात म्हणाला, "भरतीचं काय झालं रे?" कुणीतरी त्याला सांगितलं असणार. बारक्या म्हणाला, "तुमच्या गुंडीत अडकलंय." शिपाई रजिस्टरकडं बघत म्हणाला, "मला लिहिलेल्या कागदावर सही कर म्हणाले. मी केली." मग पुढच्या माणसाला हाक मारली.

ती कविता मी फाडली नाही. स्टेजवरही परत म्हटली नाही. तिच्यात एक खोट होती ती आता दिसते. तिच्यात कॉलर होती, पण कॉलर धरल्यावर दुसऱ्या दिवशी काय होतं ते नव्हतं. आत्या नव्हती. उंबरा नव्हता. तीन तास बसवून ठेवणारी खुर्ची नव्हती. मी ती नव्यानं लिहितोय. जमत नाही. जमेल तेव्हा पाठवीन.

मागच्या महिन्यात दोन्ही तारखा एकाच दिवशी आल्या. ॲट्रॉसिटीचा खटला विशेष न्यायालयात, वरच्या मजल्यावर. बारक्याचा मॅजिस्ट्रेटसमोर, तळमजल्यावर. मी रात्रपाळी करून तसाच आलो होतो, अंगावर कापूस होता. आत्या जिन्यापाशी थांबली. गुडघा अजून दुखतो तिचा. वर बघितलं, खाली बाकावर बसलेल्या पोराकडं बघितलं, आणि मला म्हणाली, "माझा गाल वर आणि ह्याची गुंडी खाली व्हय रं? मग मी आधी कुठं जाऊ?"

मी म्हणालो, "आत्या, तू वर जा. इथं मी बसतो."

ती कठड्याला धरून एक एक पायरी चढायला लागली.